माहेरी पाठवायच्या सुना

आम्रपालीने ते वाक्य म्हटलं तेव्हा मी अंगणात बसून तांदूळ पाखडत होते. हातात सूप होतं, मुसळ नव्हतं, म्हणून ती वाचली.

"बहनजी, साधना वहिनीले या आठोड्यात माहेरी पाठवून द्या," ती म्हणाली. "डिलिवरी तिकडंच होऊ द्या."

साधना माझी सून. तिला आठवा महिना लागला होता. आम्रपाली कटंगी रोडवरच्या ट्रस्टच्या दवाखान्यात आरोग्य सखी आहे. गावोगाव फिरून ती कोणाला ताप आहे, कोण पोटुशी आहे, कोणाची गोळी संपली, हे बघते. लहानपणी माझ्याच हाताखाली शिकली. सरकारी शाळेत शिकवण्यातच माझी सगळी नोकरी झाली, त्यामुळे बालाघाटच्या या मुलुखात मला अजून सगळे बहनजी म्हणतात. माझ्या दिरानेही वहिनी म्हणायचं सोडून दिलं आहे.

"काहून?" मी विचारलं.

"वीरेंद्र सरनं सांगतलं."

"मंग वीरेंद्र सरले सांग, हे दुसरं हाय म्हनून."

ती नुसती सुपाकडे बघत राहिली. तिला माझं म्हणणं कळलं होतं. आमच्याकडचं पोरही ते सांगेल. पहिलं बाळंतपण माहेरी आणि दुसरं सासरी. दुसऱ्या खेपेला सुनेला माहेरी धाडलं तर गाव दोनच अर्थ काढतं. एक, सासू कवडीचुंबक आहे, तिला डिंकाचे लाडू परवडत नाहीत. दोन, सून नकोशी झाली आहे. आणि मुलीचा बाप चपला घालून दारात येतो, आमच्या लेकीचं काय चुकलं म्हणून विचारायला.

पण खरं सांगायचं तर गाव काय म्हणेल याची मला तितकी फिकीर नव्हती. मला फिकीर होती ती घाटाची.

साधनाला सिकलसेल आहे. नुसती वाहक नाही, आजारच आहे. आमच्या बौद्ध समाजात आणि इकडच्या आदिवासींत हे रक्तातूनच येतं. रक्तातल्या गोल पेशी विळ्यासारख्या वाकड्या होतात, शिरांमधे अडकतात, आणि हाडं अशी दुखतात की धडधाकट माणूस लोळतो. पोटात मूल असलं की सगळंच दुप्पट अवघड. तिचं माहेर घाटापलीकडे, उकव्याला. वडील भैयालाल मँगनीजच्या खाणीत, आई केव्हाच गेलेली. पहिल्या वेळी रिवाज म्हणून आम्ही तिला तिकडे पाठवलं, आणि नवव्या महिन्यात तिचं दुखणं उसळलं. मोठ्या दवाखान्यात नेताना भर घाटात जीप बंद पडली. बालाघाटला पोचल्यावर रक्तासाठी माझा मुलगा राकेश दारोदार फिरला. सून वाचली, नात वाचली, पण त्या दिवशी मी जे पाहिलं ते शत्रूच्या सुनेवरही येऊ नये. घरी आल्यावर साधना मला एकच वाक्य म्हणाली होती, "आई, मले पुन्हा त्या घाटात नोका पाठवू."

मी शब्द दिला होता. दुसरं इथेच, आपल्या दवाखान्यात. तिथे आता रक्त साठवायचा फ्रिज आहे, दीप्ती डॉक्टरीण आहे, आणि घरून ऑटोने पोचायला चहा निवण्याइतका वेळ लागतो.

आणि तोच दवाखाना म्हणत होता, घेऊन जा.

आता हा दवाखाना माझा परका नाही, हे आधी सांगायला हवं. त्याच्या समितीत गावकऱ्यांच्या जागेवर मी बसते. दोन वर्षांपूर्वी भोपाळची एक पैसा देणारी संस्था आली, तेव्हा आमचे संचालक वीरेंद्र सर यांनी समितीला नवी योजना समजावून सांगितली होती. आजवर दवाखान्याला पैसा मिळायचा तो खाटा भरल्या की. जितके लोक आजारी तितकी दवाखान्याची दिवाळी. आता उलटं होणार होतं. आसपासच्या बावीस गावांत जितकी माणसं, तितक्या माणसांमागे ठराविक पैसा. माणसं बरी राहिली, बायका सुखरूप बाळंत झाल्या, तर वर बक्षीस. मेली, किंवा मोठ्या दवाखान्यात हलवावी लागली, तर कपात.

ऐकून मला इतका आनंद झाला होता की मी सगळ्यांच्या आधी हात वर केला. आजही करीन. आजारी पडायची वाट बघत बसणारा दवाखाना काय कामाचा? आणि काम झालंही, खोटं कशाला बोलू. शाळेतल्या सगळ्या मुलांची सिकलसेलची तपासणी झाली. म्हाताऱ्यांचं बीपी चावडीवर मोजलं जाऊ लागलं. दोन गावांतलं पिण्याचं पाणी सुधारलं तसे जुलाबाचे पेशंट कमी झाले. गेल्या साली बाळंतपणात एकही बाई दगावली नाही म्हणून दवाखान्याच्या फाटकावर मोठा फलक लागला, त्यावर भलंमोठं शून्य. नागपूरहून माझी बहीण आली तेव्हा मी तिला मुद्दाम तिकडून नेलं होतं.

त्या शून्याचा मला अभिमान होता. म्हणून राग जास्त आला.

"आम्रपाली, खाली बस," मी म्हटलं. "अन् आता नीट सांग. अजून कोनाकोनाले माहेरी पाठोलं?"

ती बसली. पदराचं टोक बोटाला गुंडाळत राहिली. मग एकेक नाव सांगायला लागली, आणि मी ऐकत गेले. ज्यांचं रक्त कमी. ज्यांचं बीपी जास्त. ज्यांना सिकलसेल. ज्यांचं आधीचं ऑपरेशन झालेलं. जी जी बाई अवघड, ती ती माहेरी.

"पहिलटकरणी तं तशाही जातेतच, बहनजी. कोनी काही बोललं नाही. सर म्हनते, गाव सोडून गेली का आपल्या गणतीत नाही राहत. जिथं डिलिवरी होईन, तिथल्याईच्या खात्यावर."

"अन् ज्या लेकी इकडं माहेरी येतेत, बाळंतपनाले?"

"त्या आपल्या गावच्या नोंदीत नाही राहत. त्याईले जिल्ह्याले पाठवा म्हनते."

मी सूप बाजूला ठेवलं. सासरची सून माहेरी गेली की गणतीतून गेली, आणि माहेरी आलेली लेक गणतीत आलीच नाही. बाईला दोन घरं असतात म्हणतात. या लोकांनी तिला दोन्ही घरांतून काढलं होतं, आणि वर फाटकावर शून्य लावलं होतं.

सगळ्यात चीड आणणारी गोष्ट ही की हे सगळं आमच्या डोळ्यांदेखत झालं. पहिलटकरीण माहेरी निघाली की गावात कोणी का म्हणून विचारत नाही, उलट ओटी भरतात. शेजारच्या मैनाबाईची सून पौर्णिमा हिलाही सिकलसेल, तिची पहिलीच खेप, आणि तिलाही महिनाअखेर माहेरी जायला सांगितलेलं होतं. तिच्या डोहाळजेवणाला मी स्वतः पुरणपोळी खाऊन आले होते. रिवाजाच्या आड लपून कोणी लबाडी करत असेल, असं माझ्या डोक्यात आलंच नाही. वीरेंद्र सर जबलपूरकडचे, बायको शहरातली. पहिल्या आणि दुसऱ्या बाळंतपणातला फरक त्यांना ठाऊकच नव्हता. त्यांना वाटलं, या बायका बाळंतपणाला माहेरीच जातात, म्हणजे सगळ्याच खेपेला जातात. म्हणून साधनाच्या वेळी त्यांची चोरी उघडी पडली.

साडी बदलायलाही मी थांबले नाही. ऑटोत बसले आणि थेट त्यांच्या खोलीत गेले.

वीरेंद्र सर माणूस वाईट दिसत नाही. नेहमी इस्त्रीचा शर्ट, नेहमी उठून नमस्कार. मराठी समजते, बोलतात हिंदी.

"आइए बहनजी. चाय?"

"चहा नोको. माह्या सुनेले माहेरी काहून पाठवून राह्यले तुम्ही?"

ते हसले. "अरे, वह तो आप लोगों का रिवाज है ना. लड़की मायके में आराम से रहती है."

"ताकाले जाऊन भांडं कशाले लपवता, सर? आम्रपालीनं सारं सांगतलं."

हसू गेलं. त्यांनी उठून दार लोटून घेतलं, आणि पुन्हा बसले तेव्हा त्यांचा आवाज बदललेला होता. तो आवाज खरा होता, एवढं मी मान्य करते.

"बहनजी, आप कमेटी में हैं, आपसे क्या छिपाना. एक भी मौत हुई तो पैसा कटेगा. पैसा कटा तो सिकल की जाँच बंद, गोली बंद, आम्रपाली की तनख्वाह बंद. एक औरत के लिए बाईस गाँव का नुकसान करूँ? आप मेरी कुर्सी पर होतीं तो क्या करतीं?"

तळपायाची आग मस्तकात गेली. त्यांचं म्हणणं अगदीच खोटं नव्हतं, म्हणून जास्त गेली. पण असल्या हिशेबात एक गंमत असते. हिशेब करणाऱ्याच्या घरची बाई कधी ती एक बाई नसते.

"ते एक बाई त्या बावीस गावातलीच हाय ना, सर?" मी म्हटलं. "का आकाशातून पडली? गावाची तब्येत म्हंजे काय, धडधाकट मानसं मोजायची अन् आजारी शिवेबाहेर काढायचे? असं तं मी बी माह्या शाळेचा निकाल शंभर टक्के लावला असता. कच्च्या पोराईले परीक्षेच्या आदल्या दिवशी मामाच्या गावाले पाठवून."

ते पुढे वाकले.

"ठीक है. आपकी बहू का मैं अलग से देख लेता हूँ. भरती यहीं होगी, मेरी ज़िम्मेदारी. बस, परसों भोपाल वाले आ रहे हैं. मीटिंग में यह बात मत उठाइए."

मी 'बरं' म्हटलं. उठले, नमस्कार केला, बाहेर आले. खोटं बोलले होते. सुनेला खाट मिळेपर्यंत सासूने खोटं बोलावं, त्यात मला काही गैर वाटत नाही.

भोपाळवाल्यांसाठी दवाखान्याच्या आवारात मांडव घातला होता. गावोगावची माणसं ट्रॅक्टरने आणून बसवली होती. पुढे सोफ्यावर ट्रस्टचे अध्यक्ष मोतीलालजी, वारासिवनीचे राईस मिलवाले, त्यांच्या शेजारी भोपाळच्या दोन बाया आणि एक साहेब. मोठ्या पडद्यावर रंगीत रेघा दिसत होत्या, सगळ्या वर जाणाऱ्या. एक रेघ तेवढी खाली आली होती आणि शून्याला टेकली होती. तिथे सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या.

आम्रपाली आणि बाकी सख्या एका रंगाच्या साड्या नेसून कडेला उभ्या होत्या. त्यांनाही टाळ्या वाजवाव्या लागल्या.

मग वीरेंद्र सरांनी मला गावकऱ्यांच्या वतीने दोन शब्द बोलायला बोलावलं. माझ्या 'बरं'वर त्यांनी विश्वास ठेवला होता. मी माईक हातात घेतला.

काय बोलायचं ते मी दोन दिवस घोकलं होतं, हिंदीत, पाहुण्यांना कळावं म्हणून. पण मागे बसलेल्या बायांकडे बघितलं आणि तोंडून आमचीच बोली निघाली.

"मायबहिनींनो, हे जे शून्य दिसून राह्यलं, त्याच्यात आपल्या सुना नाही. ज्या अवघड होत्या, त्याईले माहेरी पाठोलं. त्या तिकडं जगल्या का मेल्या, हे या दवाखान्यानं कोनाले विचारलं नाही."

मांडवात कुजबुज उठली. मोतीलालजी सोफ्यावर हलले. "बहनजी, घर की बात घर में," ते हळूच म्हणाले, पण माईक माझ्या हातात होता.

"पहिलं बाळंतपन माहेरी, हा आपला रिवाज हाय," मी म्हटलं. "त्याच्यात कोनी हात घालू नये. पन दुसरं सासरी असते. माह्या सुनेचं दुसरं हाय. तिले हाकलून लावाचा हक्क या दवाखान्याले कोनी देल्ला? आमचा रिवाज आमच्याच सुनेच्या गळ्याले फास लावाले वापरून राह्यले तुम्ही."

मग मी तेच सगळं हिंदीत सांगितलं, कारण भोपाळच्या बायांचे चेहरे कोरे होते. सांगून झाल्यावर त्यातली धाकटी बाई इतक्या मऊ आवाजात बोलली की मला तिला गदागदा हलवावंसं वाटलं. बहुत अच्छा फीडबैक है, म्हणाली. ज़मीन से जुड़ा हुआ. अगले साल के फ्रेमवर्क में देखेंगे.

पुढच्या वर्षीच्या चौकटीत साधनाचं बाळ बसणार होतं की काय, कोण जाणे. उंटावरून शेळ्या हाकणाऱ्यांना शेळीचा महिना कितवा हे दिसत नाही.

तेव्हा दीप्ती डॉक्टरीण उठली. तरुण मुलगी आहे, एरवी समितीपुढे तोंड उघडत नाही. ती उभी राहिली आणि सरळ म्हणाली, "साधनाचं बाळंतपण मी इथेच करीन. रक्त आहे, मी आहे. मला कोणी विचारलंच नव्हतं." एवढं बोलून ती खाली बसली. वीरेंद्र सरांना पाहुण्यांसमोर मान डोलवावीच लागली. बिल्कुल, बिल्कुल, ते म्हणाले, हम तो यही चाहते हैं. पुन्हा टाळ्या झाल्या. त्या कोणासाठी होत्या हे मला अजून कळलेलं नाही.

पण खाट मिळाली.

साधनाला नववा लागल्यावर थोड्याच दिवसांत दुखणं सुरू झालं. कळा नव्हत्या त्या, हाडांचं दुखणं होतं. मांड्या, पाठ, छाती. राकेशने तिला उचलून ऑटोत ठेवली आणि आम्ही पोचलो तेव्हा दीप्ती डॉक्टरीण दारात उभी होती. रक्त चढलं, सलाईन लागलं, तोंडावर ऑक्सिजन. साधनाने माझा हात इतका दाबला की बांगडी पिचली. मी तिला काय काय सांगत होते आठवत नाही. दुसऱ्या दिवशी दुपारी मुलगा झाला, चांगला रडका. डॉक्टरीण म्हणाली, दोघंही ठीक आहेत. मी वऱ्हांड्यात जाऊन भिंतीकडे तोंड करून रडले. आनंदाने रडले असं मी राकेशला सांगितलं. पण खरं तर मला त्या घाटातली जीप दिसत होती, आणि हे इतकं सोपं होतं, इतक्या जवळ होतं, हे आठवून मी रडत होते.

संध्याकाळी वीरेंद्र सर आले. हातात मिठाईचा डबा आणि मागे फोटोवाला. जोखमीची माता, यशस्वी बाळंतपण, असा काहीतरी फलक त्यांना करायचा होता. साधना ग्लानीत पडलेली, केस विस्कटलेले, आणि तो माणूस कॅमेरा डोळ्याला लावून कोन शोधत होता. मी मधे जाऊन उभी राहिले.

"माहा काढा फोटो," मी म्हटलं. "खाली लिहा, सासू ऐकाले तयार नोहोती."

डबा टेबलावर ठेवून ते गेले. मिठाई मी वॉर्डातल्या आयाबायांना वाटून टाकली. चांगली होती.

तिसऱ्या दिवशी सकाळी आम्रपाली साधनाला बघायला आली. बाळाला घेतलं, टाळूवर तेल ठेवलं. मग मला म्हणाली, "बहनजी, जरा बाहेर या."

वऱ्हांड्यात ती खांबाला टेकून उभी राहिली.

"कालच्या मिटिंगमदी सरनं नवीन सांगतलं," ती म्हणाली. "आता दुसऱ्या खेपेच्याईले माहेरी जा म्हनून नोका सांगू म्हनते. त्याच्यानं बोंब होते. त्याईची डिलिवरी इथंच करू, डॉक्टर मॅडम हायेत. पन पहिलटकरनीत जे अवघड असन, तिले आठव्या महिन्याच्या आंधी गाव सोडाले लावा. बहनजीनं बी सभेत सांगतलं, पहिलं माहेरी असते, त्याच्यात कोनी हात घालू नये म्हनून. आता कोनी काही बोलनार नाही."

म्हणजे मी भर मांडवात गळा फाडून त्या माणसाला शिकवणी दिली होती. त्याला आमचा रिवाज अर्धाच माहीत होता. उरलेला अर्धा मी माईकवरून सांगितला. जिथे त्याची चोरी पकडली जात होती ते भोक मीच बुजवून दिलं होतं, आणि बदल्यात मला माझ्या सुनेची खाट मिळाली होती.

"पौर्णिमा?" मी विचारलं.

"आज जाऊन राह्यली. जीप सांगतली हाय तिच्या सासऱ्यानं."

साधनाजवळ राकेशला बसवून मी ऑटो पकडला. रस्ताभर मी त्या ऑटोवाल्यावर ओरडत होते. बिचाऱ्याचा काही दोष नव्हता, तो चांगला चालवत होता.

मैनाबाईच्या दारात जीप उभीच होती. मागच्या सीटवर पौर्णिमा, पोटावर हात ठेवून, चेहरा पांढराफटक. तिचं माहेर सीमेपलीकडे महाराष्ट्रात, तुमसरच्याही पुढे आडगावात. तिथून रक्त मिळेल असा दवाखाना किती लांब ते मला माहीत होतं, कारण तिच्या लग्नाला मी बसने गेले होते आणि परत येताना कंबर धरली होती. मैनाबाई जीपमधे पिशव्या ठेवत होती. तांदूळ, तूप, बाळाची दुपटी.

"मैनाबाई, तिले नोका पाठवू," मी म्हटलं. धाप लागली होती. "इथंच ठेवा. दवाखाना जवळ हाय, रक्त हाय. साधनाले वाचोलं ना त्यानं."

मैनाबाईने पिशवी खाली ठेवली. कमरेवर हात ठेवले. बाई माझ्यापेक्षा वयाने मोठी, एकही इयत्ता शिकलेली नाही, पण भांडणात मी तिच्यापुढे कधी टिकलेली नाही.

"पहिलं माहेरी असते," ती म्हणाली. "तुमीच तं भरसभेत सांगतलं. त्याच्यात कोनी हात घालू नये. मी मांगच बसली होती."

"मी सांगतलं, हौ. पन ते सोडा आता. रिवाज गेला चुलीत."

"तुमच्या सुनेच्या वक्ती रिवाज होता," मैनाबाई म्हणाली, "अन् माह्या सुनेच्या वक्ती चुलीत गेला? आपला तो बाब्या अन् लोकाचं ते कार्टं, बहनजी. तिची माय तिकडं वाट पाहून राह्यली. आता नाही पाठोली तं आमाले काय म्हनन? पोरगी दाबून ठेवली म्हनन."

रागात माणसाला सगळं सुचतं असं वाटतं, पण ते खोटं आहे. मला तिचाही राग आला, माझाही आला, आणि त्या इस्त्रीच्या शर्टाचा तर इतका आला की तो समोर असता तर काय झालं असतं सांगता येत नाही. मी जीपच्या दाराला धरून उभी राहिले. ड्रायव्हरने एकदा मैनाबाईकडे बघितलं, एकदा माझ्याकडे, आणि गाडी सुरू केली.

तेव्हा पौर्णिमा पहिल्यांदा बोलली.

"काकू, दार सोडा."

मी सोडलं. मला वाटलं, संपलं.

तिने आतून दार उघडलं. एक पाय खाली टेकवला, मग दुसरा, आणि जीपला धरून सावकाश उभी राहिली. पोटामुळे तिला दम लागत होता. तिने आधी सासूकडे बघितलं, मग माझ्याकडे. इतक्या रागाने माझ्याकडे आजवर कोणी बघितलेलं नाही, आणि मी खूप लोकांना राग आणला आहे.

"कोनी रिवाज सांगते, कोनी गणती सांगते," ती म्हणाली. "मले कोनी विचारलं का? मरन तं मी मरन."

मैनाबाईचं तोंड उघडं राहिलं. माझंही.

पौर्णिमाने पदर खोचला आणि कटंगी रोडवरच्या दवाखान्याच्या दिशेने चालायला लागली, उन्हात, एकटी. ड्रायव्हरने इंजिन बंद केलं. मी जीपमधली दुपट्यांची पिशवी उचलली, ऑटोवाल्याला मागे यायला सांगितलं, आणि तिला गाठायला निघाले.